पंधरा डब्यांची लोकल: वाढीव तीन डबे कुठे कामाला येतात, कुठे अडतात

इंडिकेटरवर गाडीपुढे १५ हा आकडा लागला की फलाटावरची माणसं हलायला लागतात. रोजचे प्रवासी पुढच्या नाहीतर मागच्या टोकाकडे सरकतात. ज्यांना तो आकडा वाचायची सवय नाही ते जिन्याखालीच दाटीवाटीने उभे राहतात आणि बारा डब्यांच्या गाडीत जेवढे चेंगरले असते तेवढेच याही गाडीत चेंगरतात. मुंबईची पंधरा डब्यांची लोकल ही चांगली सेवा आहे. पण तिचा फायदा डब्यांच्या संख्येवर जेवढा अवलंबून आहे, तेवढाच फलाट, सिग्नल, पूल आणि कारशेड यांच्यावरही आहे. म्हणून हे परीक्षण गाडीचं कमी आणि तिच्या आजूबाजूच्या व्यवस्थेचं जास्त आहे.

आधी सेवा कुठे मिळते ते बघू. पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची गाडी नोव्हेंबर २००९ पासून धावते आहे, सुरुवातीला फक्त फास्ट मार्गावर. २८ जून २०२१ पासून ती अंधेरी ते विरार स्लो मार्गावरही आली. ऑक्टोबर २०२४ च्या वेळापत्रकात पश्चिम रेल्वेच्या रोजच्या १,४०६ फेऱ्यांपैकी २०९ फेऱ्या पंधरा डब्यांच्या झाल्या. मध्य रेल्वेवर ही गाडी ऑक्टोबर २०१२ मध्ये सीएसएमटी (तेव्हाचं सीएसटी) ते कल्याण फास्ट मार्गावर आली आणि पुढे कित्येक वर्षं दोन रेक (रेक म्हणजे जोडलेल्या डब्यांची अख्खी गाडी), दिवसाला २२ फेऱ्या, एवढ्यावरच राहिली. मध्य रेल्वेच्या एकूण फेऱ्या अठराशेच्या घरात. म्हणजे पश्चिमेवर सातातली एक गाडी पंधरा डब्यांची आणि मध्य रेल्वेवर ऐंशीतली एक. तिकीट आणि पास बारा डब्यांच्या साध्या गाडीचेच चालतात, वातानुकूलित (एसी) लोकलसारखं वेगळं भाडं नाही.

नऊ, बारा, पंधरा असे तीन-तीनच डबे का वाढतात, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. लोकलचा रेक सुट्या डब्यांचा नसतो, तो युनिटांचा असतो. एका युनिटात तीन डबे: एक मोटर डबा आणि दोन ट्रेलर, म्हणजे मोटर नसलेले डबे. मोटर डब्याच्या चारही आसांवर मोटर असतात आणि वरच्या तारेतून वीज घेणारा पेंटाग्राफही त्याच्याच टपावर असतो. चार युनिटं जोडली की बारा डबे, पाच जोडली की पंधरा. त्यामुळे गाडी लांब झाली तरी आळशी होत नाही. वजन सव्वापट झालं तर ओढणाऱ्या मोटरही सव्वापट होतात, म्हणून स्थानकातून सुटताना पिकअप तोच राहतो. ब्रेकचंही तसंच. इलेक्ट्रो-न्यूमॅटिक, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर हवेच्या दाबाने लागणारा, ब्रेक सगळ्या डब्यांत एकाच वेळी लागतो, लांब मालगाडीसारखी हवेची लाट मागे पोचायची वाट बघावी लागत नाही. एक फायदा फारसा कुणी बोलत नाही: वाटेत एक मोटर डबा बंद पडला तर बारा डब्यांच्या गाडीची पाव ताकद जाते, पंधरा डब्यांच्या गाडीची एक पंचमांशच. भर गर्दीत गाडी रेटत पुढच्या स्थानकापर्यंत न्यायची असते तेव्हा हा फरक मोटरमनला कळतो.

एक गाडी सव्वापट वीज घेते, हे मात्र खरं. जुन्या १,५०० व्होल्ट डीसी प्रणालीत तेवढ्याच ताकदीसाठी २५,००० व्होल्ट एसी (अल्टरनेटिंग करंट) विजेपेक्षा जवळपास सतरापट करंट वाहून न्यावा लागायचा. जाड तारा, जवळजवळ सबस्टेशनं, आणि एकाच टप्प्यात दोन-तीन गाड्या एकदम सुटल्या की व्होल्टेज खाली. सुरुवातीच्या पंधरा डब्यांच्या गाड्या दोन्ही प्रणालींवर चालणाऱ्या रेकवर निघाल्या, पण त्यांची संख्या वाढवायला खरी मोकळीक मिळाली ती एसी रूपांतर पूर्ण झाल्यावर. पश्चिम रेल्वेवर ते २०१२ मध्ये झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावर २०१६ मध्ये. त्याच २०१६ मध्ये हार्बर नऊ डब्यांवरून बारावर गेली.

आता फलाट. सगळी मेख इथे आहे.

लोकलचा एक डबा कपलर धरून साधारण २१.३ मीटर. बारा डबे म्हणजे सुमारे २५६ मीटर, पंधरा म्हणजे सुमारे ३२०. वाढ ६४ मीटरची. पण फलाट ६४ मीटर लांब करा म्हटलं की त्या ६४ मीटरांत काय काय उभं आहे ते आधी मोजावं लागतं: ओव्हरहेड तारेचा खांब, सिग्नलचा खांब, सिग्नलच्या केबलींचा चर, नाला, पादचारी पुलाचा पाया, कधी रस्त्याच्या पुलाचा खांब, कधी रूळ बदलायचे सांधे. खांब हलवायचा तर नवा पाया भरायचा, तार नव्या खांबावर घ्यायची आणि मगच जुना काढायचा. हे सगळं रात्रीच्या दोन-तीन तासांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे रूळ गाड्यांना बंद ठेवून, कारण दिवसा गाड्या चालूच असतात. भिंत बांधणं, मुरूम भरून दाबणं, कडेचे कोपिंग दगड बसवणं, लाद्या आणि अंधांसाठीची पिवळी उठावदार पट्टी घालणं ही कामं त्या मानाने सोपी. कडेचा दगड मात्र डोळ्यांत तेल घालून बसवावा लागतो. सरळ रुळावर रुळांच्या मध्यापासून फलाटाच्या कडेचं अंतर १,६७० ते १,६८० मिलिमीटर ठेवायचं असतं, म्हणजे चुकायला जागा फक्त १० मिलिमीटरची. वळणावर त्यात वेगळी सूट धरावी लागते. दगड आत गेला तर फट वाढून पाय अडकतो, बाहेर आला तर गाडीला घासतो.

काम संपल्यावरही बिघाड होतो, आणि तो हळूहळू होतो. रुळांखालची खडी मशीनने दाबली की दर वेळी रूळ थोडा वर उचलला जातो. फलाट तिथेच राहतो. काही वर्षांनी फलाट ‘खचला’ अशी तक्रार येते, प्रत्यक्षात वर आलेला असतो तो रूळ. वाढीव भाग नव्याने भरलेला असल्याने तिथे भराव बसण्याची भर पडते. त्यामुळे जुना आणि नवा फलाट जिथे मिळतो तिथे पायरीएवढा उंचवटा आहे का, हे बघूनच पळावं.

फलाट कोणत्या टोकाला वाढवायचा हा वरवर किरकोळ वाटणारा निर्णय सगळ्यात महाग ठरू शकतो. गाडीच्या मागच्या बाजूला वाढवला तर मोटरमन पूर्वीच्याच जागी थांबतो, फक्त शेपूट लांब होतं. पुढच्या बाजूला वाढवला तर थांबण्याची जागाच ६४ मीटर पुढे जाते, म्हणून गाडीला स्थानकातून निघायची परवानगी देणारा स्टार्टर सिग्नल पुढे न्यावा लागतो. सिग्नलच्या पुढे ऑटोमॅटिक विभागात (जिथे गाडी पुढे सरकेल तसे सिग्नल आपोआप बदलतात) १२० मीटरचं मोकळं सुरक्षित अंतर ठेवायचं असतं, त्यात सांधा येत असला तर सांधाही सरकवायचा. आणि सांधा सरकला की इंटरलॉकिंग, म्हणजे सांधे आणि सिग्नल एकमेकांशी बांधून ठेवणारी व्यवस्था, नव्याने तपासायचं. एकाच फलाटाच्या दोन कडांना अप आणि डाऊन अशा दोन्ही गाड्या लागत असतील तर पळवाटच नाही: एका गाडीचं मागचं टोक तेच दुसरीचं पुढचं. अंधेरी–विरार स्लो मार्गासाठी १४ स्थानकांवर २७ फलाट वाढवले गेले. अंधेरी, जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार. यातलं एक जरी स्थानक राहिलं असतं तरी स्लो गाडी पंधराची करता आली नसती, कारण उघड्या दाराच्या गाडीत ‘मागचे तीन डबे फलाटाबाहेर आहेत, तिथली दारं उघडणार नाहीत’ अशी सोयच नाही. लोक रुळांवर उड्या मारतील. म्हणूनच अंधेरीच्या दक्षिणेला पंधरा डब्यांची गाडी फास्ट मार्गावरच धावते. मरीन लाइन्स, चर्नी रोडकडे एका बाजूने रस्ता इतका लगटून आहे की स्लो फलाट वाढवायला जमीन आणायची कुठून?

शेवटच्या स्थानकात अडचण आणखी वेगळी. तिथे एका टोकाला बफर (रूळ संपतो तिथला अडसर) आणि पलीकडे तिकीटघर, त्यामुळे फलाट एकाच दिशेला वाढतो, आणि त्या दिशेला असतं यार्डाचं तोंड, म्हणजे सगळ्या फलाटांचे रूळ एकत्र येतात ते सांध्यांचं जाळं. एका फलाटासाठी अख्खं जाळं मागे सरकवावं लागतं. हार्बरच्या बारा डब्यांसाठी २०१६ मध्ये सीएसटीचे १ आणि २ क्रमांकाचे फलाट वाढवताना ७२ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला होता. कोलकात्यात सियालदहला जून २०२४ मध्ये १ ते ५ क्रमांकांचे फलाट बारा डब्यांसाठी वाढवले, तेव्हाही काही दिवस तिथली वाहतूक आवरती घ्यावी लागली. मेगाब्लॉकला वैतागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: रात्रीच्या तुकड्या-तुकड्यांत न होणारी काही कामं खरोखरच असतात, आणि यार्डाचं तोंड सरकवणं हे त्यातलं पहिलं.

सिग्नलचा हिशेब सेवेच्या वक्तशीरपणावर थेट पडतो. क्रॉसओव्हरवरून, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांवरून, ताशी ३० किलोमीटरने जाताना वाढीव ६४ मीटर ओलांडायला पावणेआठ सेकंद जास्त लागतात, ताशी १५ ने पंधरा सेकंद. ऐकायला काहीच नाही. पण मागची गाडी तीन मिनिटांवर असते, आणि पुढच्या गाडीचं शेपूट जोवर सांध्यावर आहे तोवर तिला लाल. सकाळच्या दोन तासांत पंधरा गाड्या सांध्यावरून गेल्या आणि प्रत्येकीने दहा-पंधरा सेकंद खाल्ले, तर त्या दोन तासांच्या शेवटी जवळपास एक अख्खी फेरी मागे पडते. म्हणून पंधरा डब्यांची गाडी शक्यतो एकाच रुळावरून सरळ जाणारी असावी, मध्येच फास्टवरून स्लोवर किंवा उलट टाकली जाणारी नसावी. वेळापत्रक निवडताना प्रवाशांनाही हा निकष वापरता येतो. पूर्ण फास्ट किंवा पूर्ण स्लो असलेली पंधरा डब्यांची गाडी जास्त विश्वासाची, अंधेरी-बोरिवलीला मार्ग बदलणारी कमी.

तरीही हिशेब डबे वाढवण्याच्याच बाजूने जातो. तीन मिनिटांनी एक धरली तर तासाला २० गाड्या, बारा डब्यांनी २४० डबे. सगळ्या पंधराच्या केल्या तर ३०० डबे. हेच ३०० डबे बारा-बारांनी न्यायचे तर तासाला २५ गाड्या, म्हणजे दर २ मिनिटं २४ सेकंदांनी एक, आणि प्रत्येक स्थानकात दारं अडवून लटकलेल्या गर्दीसकट. आजच्या सिग्नलवर आणि आजच्या चढउतारीत ते जमणारं नाही. शिवाय नव्या फेरीला नवा मोटरमन, नवा गार्ड (२०२२ पासून अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर) लागतो. डबे वाढवले तर माणसं तीच.

गार्डवरचा ताण मात्र वाढतो. गाडी सोडायच्या दोन बेल द्यायच्या आधी ३२० मीटर गाडी नजरेखालून घालायची, आणि फलाट वळणावर असेल तर पुढचे चार-पाच डबे दिसतच नाहीत. तिथे कॅमेरा आणि मॉनिटर नसतील तर गार्ड सावधपणे थांबतो, आणि थांबायलाच हवं.

प्रवाशांसाठी कामाच्या गोष्टी आता. वेळापत्रकात पंधराची फेरी वेगळी दाखवलेली असते, पण शेवटचा शब्द इंडिकेटरचा, कारण रेक बिघडला तर त्या फेरीला बाराची गाडी सोडली जाते. फलाटावर मोटरमनसाठी थांबण्याच्या पाट्या असतात, बाराची वेगळी, पंधराची वेगळी. त्या दोन पाट्यांमधलं अंतर बघितलं की आपल्या स्थानकात वाढीव भाग कोणत्या टोकाला आहे ते लगेच कळतं. लेडीज, फर्स्ट क्लास, दिव्यांग आणि लगेजच्या डब्यांच्या जागा बारा आणि पंधराच्या गाडीत जुळत नाहीत. छताला टांगलेल्या पाट्या वाचून उभं राहा, सवयीने खांब मोजून नको. रोज ‘चहाच्या स्टॉलसमोर लेडीज’ असं पाठ असलेल्या बायकांची सगळ्यात जास्त धावपळ याच गाडीला होते. चुकीच्या जागी उभं राहिलं तर तीस सेकंदांत साठ मीटर गर्दीतून पळणं शक्य नाही आणि प्रयत्नही करू नये.

जागा कुठे मिळते? जिन्यापासून सगळ्यात लांबच्या डब्यांत, अर्थात उतरायच्या स्थानकाचा जिना कुठे आहे ते बघूनच. इथे सेवेची मोठी उणीव दिसते. फलाट वाढले पण पूल पुष्कळ ठिकाणी जुन्याच जागी राहिले, त्यामुळे टोकाच्या तीन डब्यांतली माणसं अख्खा फलाट चालून मधल्या जिन्यावर येतात आणि तिथे मधल्या डब्यांतल्या माणसांना भिडतात. एका गाडीतून सव्वापट माणसं उतरणार असतील तर जिन्याची रुंदीही त्याच हिशेबाने हवी. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत माणसं गेली, त्यानंतर हे वेगळं सांगायची गरज पडू नये. वाढीव टोकाला पूल किंवा निदान बाहेर पडायची वाट दिली नाही तर तीन डबे अर्धे रिकामे आणि बारा डबे तुडुंब, असंच चित्र राहतं. छपराचंही तसंच. जून ते सप्टेंबर उघड्या फलाटावर कोणी उभं राहत नाही. सगळे छपराखाली गोळा होतात आणि वाढीव डब्यांचा उपयोग नेमका पावसाळ्यात, गाड्या उशिरा असताना, कमी होतो.

कारशेड नजरेआड असतात म्हणून त्यांची चर्चा होत नाही. पंधराचा रेक उभा करायला ३२० मीटरची मोकळी लाईन हवी आणि खालून तपासायला तेवढाच लांब पिट (रुळांमधला खड्डा). पिट बाराचा असेल तर एक युनिट सोडवायचं, दोन तुकड्यांत तपासायचं, पुन्हा जोडायचं, जोडल्यावर ब्रेक आणि नियंत्रणाची चाचणी घ्यायची. रात्रीचे मोजके तास त्यातच जातात. रेक घेतले, फलाट केले आणि लाईन लांब केल्या नाहीत तर रेक कारशेडमध्येच अडकून पडतात.

मध्य रेल्वेच्या प्रवाशाने या सेवेकडून आज फार अपेक्षा ठेवू नये. कल्याण–सीएसएमटी फास्टवर जी पंधराची गाडी मिळते ती डोंबिवली, ठाण्याच्या प्रवाशाला नक्कीच सोयीची आहे. आपल्या वेळेत ती बसत असेल तर पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे करून तीच धरावी. पण बावीस फेऱ्यांनी गर्दी हटत नाही. उलट ओळीने बाराच्या गाड्या आणि मध्येच एक पंधराची, यात माणसांना उभं राहायची सवयच लागत नाही. स्लो मार्गावर ती न्यायची तर मस्जिद, सँडहर्स्ट रोड यांसारख्या पुलांच्या मध्ये अडकलेल्या स्थानकांचा प्रश्न आहेच. म्हणून पश्चिमेचाच क्रम इथेही घ्यावा: आधी फास्ट मार्ग पुरा पंधराचा करायचा, मग शहराबाहेरचा स्लो टप्पा, आणि कल्याणपलीकडे कर्जत-कसाऱ्याकडचे फलाट. अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळ्याच्या माणसाला सीएसएमटीपर्यंतच्या प्रत्येक स्लो स्थानकाशी घेणंदेणं नसतं, त्याला ठाणे, घाटकोपर, दादर हवं असतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर गर्दीच्या गाड्यांतून पडून प्रवासी गेले. त्या मार्गावरच्या दारात लटकणाऱ्यांना आत उभं राहायला जागा करून देण्याचा सगळ्यात लवकर होणारा उपाय हाच आहे.

साध्या गाड्याही एसी लोकलसारख्या बंद दारांच्या झाल्यावर हिशेब थोडा बदलेल. दारं मोटरमन-गार्डच्या ताब्यात असली की आखूड फलाटावर मागचे तीन डबे बंद ठेवता येतात. मात्र त्यासाठी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायची वाट हवी आणि त्या वाटेने चालता येईल एवढीच गर्दी हवी. सकाळी साडेआठला नालासोपाऱ्याहून भरून आलेल्या गाडीत तीन डबे पार करून पुढे येणं कुणालाच जमणार नाही. त्यामुळे गर्दीच्या वेळेसाठी तरी फलाट लांबच लागतील, आणि नव्या रेकसाठी जागा आखताना पंधराऐवजी अठरा डब्यांचे ३८४ मीटर धरूनच सिग्नल आणि सांधे हलवावेत. तोच खांब पाच वर्षांत दोनदा उपटायचा म्हणजे दोनदा ब्लॉक.